वाकडा घोडा

त्यांना सगळे काटकोन म्हणत. तोंडावर म्हणत, आणि तेही ओ देत. फोटोंच्या फ्रेमा करायचं दुकान. चाळीस वर्षं लाकडी पट्ट्या कापून कोपऱ्याला कोपरा जुळवण्यात गेलेली. असा माणूस वाकडं काही बघू शकत नाही यात नवल ते काय. पण काटकोनांचं प्रकरण जरा पुढचं होतं. दवाखान्यात गेले की आधी भिंतीवरचं कॅलेंडर सरळ करायचे, मग दुखणं सांगायचे. एकदा कुणाच्या तरी सांत्वनाला म्हणून गेले आणि रडणाऱ्या माणसाच्या डोक्यामागचा आरसा सरळ करून आले. त्यांची बायको सांगायची, की आमच्या लग्नाच्या फोटोत सगळं गाव कॅमेऱ्याकडे बघतंय, आणि हे शेजारच्या माणसाच्या वाकड्या कॉलरकडे.

पण ही गोष्ट त्यांच्या सुनेची आहे.

सून कवळ्या करायची. दातांच्या डॉक्टरांना लागतात त्या. एका छोट्या प्रयोगशाळेत दिवसभर मेणात एकेक दात बसवत राहायचं, हे तिचं काम. आणि तिच्या कामाची गंमत अशी, की तिथे अगदी सरळ रांगेत बसवलेले दात चालत नाहीत. खोटे दिसतात. एखादा दात केसभर फिरवावा लागतो, एखादा जरा आत घ्यावा लागतो, तेव्हा कुठे ती कवळी माणसाच्या तोंडातली वाटते. म्हणजे सासऱ्यांचा जन्म वाकडं सरळ करण्यात गेला होता, आणि सुनेचा दिवस सरळ ते बेताने वाकडं करण्यात जात होता. घरात दोघांचं फार गूळपीठ. सासूबाई म्हणायच्या, "एक काटकोनाचा गुण्या लावून बसतो आणि एक कोरून बसते. मधल्या मधे मला केर काढू द्या."

नवरा फिरतीच्या नोकरीवर. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात तो गेला कामावर, आणि संध्याकाळी ही नवी सून खिडकीशी तोंड पाडून बसलेली काटकोनांनी पाहिली. सहानुभूती वगैरे त्यांना बोलून दाखवता येत नसे. त्यांनी आतून बुद्धिबळाचा पट आणला, तिच्यासमोर मांडला आणि म्हणाले, "घोडा अडीच घरं जातो. एवढं आज लक्षात ठेव, बाकीचं उद्या."

त्याला आता सात वर्षं झाली. सात वर्षं, रोज संध्याकाळी एक डाव.

पहिल्याच आठवड्यात तिने हत्तीला हात लावला, मग घाबरून हात मागे घेतला आणि उंट उचलला. काटकोनांनी उंट तिच्या हातातून काढून घेतला. "हात लावला की खेळायचं. माझ्या मोहऱ्याला लावलास तर मारायचं, मारता येत असेल तर." हत्ती खेळून ती तीन चालींत हरली. दोन दिवस फुरंगटून बसली. सासूबाईंनी रदबदली करून पाहिली, की अहो, लेकरू आहे, एक चाल परत दिली तर काय बिघडतं. "परत दिली तर मी तिच्याशी खेळलो असं होत नाही," काटकोन म्हणाले, "मी तिला खेळवलं असं होतं." सुनेने हे दाराआडून ऐकलं, आणि तिसऱ्या दिवशी आपणहून पट मांडला.

एका गोष्टीला मात्र या कडक नियमातून सूट होती. सून घोडा नेहमी वाकडा ठेवायची. मुद्दाम नाही, हाताची सवय. तिचा घोडा म्हणजे कुठल्या तरी कोपऱ्याकडे मान वळवून उभा. काटकोनांचे हात शिवशिवायचे. मोहरं नुसतं सरळ करायचं असेल तर हात लावायच्या आधी "नीट करतो" असं म्हणायचं, हा खेळाचा रिवाज. सुरुवातीला ते म्हणायचे, "नीट करतो." ती म्हणायची, "करा." मग ते बोटाने घोड्याचं तोंड समोर करायचे. वर्षभरात "करा" गळालं. आणखी वर्षाने "नीट करतो" पण गळालं. ती घोडा ठेवायची, ते विचार करता करता बोटाने तो सरळ करायचे, आणि दोघांपैकी कुणाला त्याचं काही वाटत नसे. दोरीवरचा टॉवेल जाता जाता सारखा करावा तसं ते झालं होतं.

मंडळात मात्र असलं काही चालत नसे. शहराचं बुद्धिबळ मंडळ म्हणजे औषधाच्या दुकानावरचा एक लांबोडका हॉल, बारा टेबलं, आणि भिंतीवर ओळीने एकतीस फोटो. दरवर्षी स्पर्धा जिंकणाऱ्याचा फोटो त्या भिंतीवर लागायचा. एकतीसच्या एकतीस फ्रेमा काटकोनांनी केलेल्या. स्वतः मात्र ते एकाही फ्रेमीत नव्हते. अकरा वेळा दुसरे आले होते. अकरा वेळा! लोक एकदा दुसरे आले की वर्षभर तोंड लपवतात. काटकोन दुसऱ्या दिवशी सकाळी विजेत्याकडे जाऊन विचारायचे, "फोटो दिलास का? आणि उभा दे, आडवा नको."

दुकानात त्यांच्या टेबलामागे, अगदी वरच्या खिळ्याला, एक रिकामी फ्रेम होती. शिसवी, हाताने पॉलिश केलेली. पहिल्यांदा दुसरे आले त्या वर्षी, पुढच्या वर्षासाठी म्हणून केलेली. गिऱ्हाईक विचारायचं, ही केवढ्याला? काटकोन म्हणायचे, ती ऑर्डरची आहे. कुणाची ऑर्डर हे सगळ्या बाजाराला ठाऊक होतं, म्हणून जुनी माणसं विचारतच नसत. सासूबाई महिन्यातून एकदा स्टुलावर चढून ती पुसायच्या. त्याबद्दल नवरा-बायकोत कधी एक शब्द झाला नव्हता.

या वर्षी काटकोन अडुसष्ट वर्षांचे होते, आणि शेवटच्या फेरीआधी सगळ्यांच्या पुढे. दुसऱ्या नंबरावर, अर्ध्या गुणाने मागे, या वर्षी पहिल्यांदाच स्पर्धेत उतरलेली त्यांची सून. शेवटच्या फेरीत दोघं समोरासमोर. काटकोनांना नुसती बरोबरी पुरे होती. सुनेला जिंकायलाच हवं होतं.

आदल्या संध्याकाळी घरात पट मांडला गेला नाही. सून भाजी चिरत होती, आणि तिच्या मनात काय चाललंय हे काटकोनांना पेपराआडून दिसत होतं.

"उद्या बरोबरी मागायची नाही," ते पेपर खाली न घेता म्हणाले. "मागितलीस तर महिनाभर तुझ्याशी बोलणार नाही."

"मी कुठे काय म्हटलं बाबा."

"तू म्हणाली नाहीस. सुरी म्हणाली. मघापासून एकच गाजर कापतेयस."

सासूबाई हसल्या. "मला विचाराल तर दोघांनी हात मांडीखाली घेऊन बसा. तुझे सासरे तर नक्कीच. आणि तू ग, जास्त भीती वाटली तर एक घोडा वाकडा ठेव. म्हातारा तिथेच अडकून पडेल, चाल सुचायची नाही."

तिघंही हसले. सासूबाईंची थट्टाच ती. पण झोपताना सुनेला ती पुन्हा आठवली, आणि तिने ठरवून टाकलं, की उद्या आपला प्रत्येक घोडा नाकासमोर बघेल.

रविवारी दुपारी हॉल खचाखच भरला. पंच म्हणून निवृत्त टपालमास्तर होते. माणूस सज्जन, पण चष्मा पुसण्यात निम्मा वेळ जायचा. काटकोनांनी बसल्या बसल्या सगळी मोहरी मोठ्याने "नीट करतो" म्हणून सारखी केली. त्यावर नेहमीप्रमाणे हशा पिकला. तीस वर्षांत त्या हॉलमध्ये एकदाही ते न बोलता मोहऱ्याला शिवले नव्हते. मग त्यांनी सुनेशी हात मिळवला, परक्या माणसाशी मिळवावा तसा, आणि घड्याळ सुरू झालं.

दीड तास सून डोळ्यांत तेल घालून खेळली. घोडे सरळ, उंट सरळ, प्यादीसुद्धा सरळ. पण डाव हळूहळू तिच्या हातून निसटत होता. काटकोन घाई करत नव्हते. एका हत्तीची अदलाबदल केली, मग दुसऱ्याची. बरोबरी त्यांच्या खिशात होती आणि जिंकायचीही शक्यता दिसत होती. सुनेला एकच वाट उरली होती: घोडा पटाच्या मधोमध आणून बसवायचा. त्याच्या तिरकं मागे तिचं प्यादं होतं, म्हणजे घोड्याला प्याद्याचा जोर होता. काटकोनांच्या फक्त वजिराला तो मारता आला असता, आणि त्यांनी मारला असता तर प्याद्याने वजीर गेला असता. तेव्हा तो कुणी मारणार नव्हतं. तिने बराच वेळ विचार केला, एकदाचा घोडा उचलला, ठेवला आणि घड्याळ दाबलं.

विचारात बुडालेल्या हाताला ठरवलेलं कुठलं लक्षात राहायला. घोडा वाकडा उभा होता. मान वळवून, खिडकीकडे बघत.

काटकोन पुढे वाकले. डावा हात हनुवटीला. ते राजाकडे बघत होते, मग वजिराकडे, मग पटाच्या दुसऱ्या टोकाला. आणि त्यांचा उजवा हात, त्यांच्या नकळत, पुढे आला. एक बोट घोड्याच्या मानेला लागलं. घोड्याचं तोंड समोर झालं. हात परत मांडीवर गेला. काटकोन अजून राजाकडेच बघत होते.

त्यांनी "नीट करतो" म्हटलं नव्हतं.

सुनेने पंचांकडे पाहिलं. ते चष्मा पुसत होते. प्रेक्षक दोरीपलीकडे, कुणाचं लक्ष घड्याळावर, कुणाचं पंख्यावर. कुणी पाहिलं नव्हतं. ज्यांनी केलं त्यांनीसुद्धा पाहिलं नव्हतं. हात लावला की मारायचं. वजिराने घोडा मारायचा आणि वजीर घालवायचा. म्हणजे डाव गेला, स्पर्धा गेली, फ्रेम गेली.

बोललीच नाही तर काय होईल? काही नाही. ते राजा हलवतील, बरोबरी होईल नाहीतर जिंकतील, अकरा वेळांचं दुखणं संपेल, सासूबाई स्टुलावर चढून पुसतात त्या फ्रेमीत फोटो असेल. तिला तेच तर हवं होतं. देवाशपथ तेच हवं होतं. जिंकायचंही होतं, खोटं कशाला बोला. पण अशा चोरट्या बोटाने नको होतं. गप्प बसायचं, बस. एवढं सोपं.

आणि मग तिला दाराआडून ऐकलेलं ते वाक्य आठवलं. मी तिला खेळवलं असं होतं. आत्ता ती गप्प बसली असती तर तिने त्यांना खेळवलं असतं. त्यांना कधी कळलंही नसतं. ते त्या भिंतीवर आनंदाने लटकले असते, आणि घरात रोज एक माणूस असं राहिलं असतं, जे त्यांना चहा देताना मनातून त्यांची कीव करतंय. हे तिला सहन होण्यासारखं नव्हतं. या माणसाची कीव करायची? ज्याने तिला नव्या घरात पहिल्या महिन्यात एक चालसुद्धा परत दिली नव्हती, त्याची?

"बाबा," ती हळूच म्हणाली. "घोडा सरळ केलात तुम्ही."

काटकोनांनी आधी तिच्याकडे पाहिलं. मग घोड्याकडे. मग आपल्या उजव्या हाताकडे, जणू तो दुसऱ्या कुणाचा होता. त्यांना कळायला दोन क्षण लागले, आणि ते कळताना त्यांचं तोंड कसं झालं हे सून जन्मात विसरणार नाही.

"मी मागत नाहीये," ती घाईघाईने म्हणाली. "नुसतं सांगितलं. मी पंचांना बोलावत नाही. तुम्हाला हवी ती चाल खेळा."

"मागायचं काय त्यात," काटकोन म्हणाले. त्यांनी वजीर उचलला, घोडा मारला, वजीर त्याच्या घरात नीट मधोमध ठेवला आणि घड्याळ दाबलं.

हॉलमध्ये कुजबूज झाली. काटकोनांना झालं तरी काय? वजीर दिला फुकट? पंचांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. सून प्याद्याकडे बघत बसली. तिला पट दिसेना, डोळे भरून आले होते.

"घे की," काटकोन पुटपुटले. "घड्याळ चाललंय तुझं."

"नाही जमत."

"जमत नसेल तर ऊठ, मी दुसऱ्या कुणाशी खेळतो. पटावर बसलीस ना? मग घे."

तिने वजीर घेतला. काटकोन आणखी चार चाली खेळले, उगाच हार मानायची नाही म्हणून, आणि मग त्यांनी राजा आडवा केला. तोही घराच्या रेषेला अगदी समांतर. उठून उभे राहिले आणि हात पुढे केला. मंडळाच्या फोटोवाल्याने नेमका तेव्हा फोटो काढला.

घरी सासूबाई दारातच होत्या. काटकोन चपला काढता काढता म्हणाले, "सूनबाई जिंकल्या," आणि चपलांच्या रांगेकडेसुद्धा न बघता आत जाऊन पडून राहिले. सासूबाईंनी सगळं विचारून घेतलं, ऐकलं, आणि सुनेच्या डोक्यावर हात ठेवून तेवढंच म्हणाल्या, "मी मेलीने कशाला थट्टा केली."

पुढचे तीन दिवस काटकोन घरात जवळजवळ बोललेच नाहीत. जेवायचे, दुकानात जायचे, उशिरा यायचे. पट आतच राहिला. सुनेचा जीव टांगणीला लागला. प्रयोगशाळेत तिने एका म्हाताऱ्याच्या कवळीचे सगळे दात इतके सरळ बसवले, की डॉक्टरांनी परत पाठवली. का बोलले मी, हेच तिच्या मनात घोळत होतं. नियम खरा असेल, पण अडुसष्टाव्या वर्षी माणसाला पुढचं वर्ष मिळतंच असं कुणी लिहून दिलंय?

चौथ्या दिवशी दुपारी ती डबा घेऊन दुकानात गेली. आत पाऊल टाकलं आणि तिची नजर वर गेली. खिळा रिकामा होता.

शिसवी फ्रेम टेबलावर होती. मागचे खिळे काढलेले, हुक उपटून दुसऱ्या बाजूला लावलेला. उभी फ्रेम आडवी केली होती. काटकोन शेजारी काच पुसत होते.

"फोटो आडवा काढलाय गाढवाने," ते वर न बघता म्हणाले. "तीस वर्षं सांगतोय, उभा काढा. तीन दिवस गेले माझे. जुनं पॉलिश, हुकाची भोकं बुजवायची, परत रंग जुळवायचा."

फोटोत ती होती. डोळे लाल, केस विस्कटलेले, समोर पट. आणि फोटोच्या कडेने, मनगटापर्यंत, एक हात आत आला होता. तिच्या हातात दिलेला. बोटांवर पॉलिशचे डाग.

"कडेने पुठ्ठ्याचं माउंट लावून तो झाकणार आहे," काटकोन म्हणाले. "विजेत्याच्या फोटोत दुसऱ्याचा हात कशाला."

"राहू दे तो हात," सून म्हणाली.

"नियमात नाही."

"नियमात विजेत्याचा फोटो एवढंच आहे. विजेत्याने एकटंच असावं असं कुठे लिहिलंय, दाखवा." आणि मग इतक्या दिवसांचं तिला आवरलं नाही. "ही फ्रेम तुमची होती, बाबा. मी बोलायला नको होतं का?"

काटकोनांनी काच खाली ठेवली. बराच वेळ ते फडकं घडी करत राहिले, कोपऱ्याला कोपरा लावून.

"तू बोलली नसतीस आणि मला पुढे कधी कळलं असतं," ते म्हणाले, "तर मी ही फ्रेम फोडली असती. तुझ्यावर रागावलो नाहीये ग. मी विचार करत होतो, हे झालं कसं. तीस वर्षं त्या हॉलमध्ये बोट चुकलं नाही माझं. भले भले बसले समोर. मग कळलं. समोर तू होतीस. घोडा वाकडा होता. मला वाटलं, मी घरीच बसलोय."

सुनेने डबा उघडला आणि दोघं फ्रेमीच्या शेजारी बसून जेवली. माउंट कापलं गेलं ते हाताला जागा सोडून.

रविवारी मंडळात फोटो लागला. एकतिसाव्याच्या पुढे बत्तिसावा. स्टुलावर चढून तो टांगला टपालमास्तरांनी, आणि त्यांचा चष्मा तुम्हाला ठाऊकच आहे. उजवी बाजू चांगली बोटभर खाली. लोक टाळ्या वाजवत होते आणि चोरून काटकोनांकडे बघत होते. ते पहिल्या रांगेत बसले होते, सासूबाईंच्या शेजारी, दोन्ही हात मांडीखाली. एक मिनिट गेलं. दोन मिनिटं गेली. सासूबाईंनी कोपराने ढोसलं.

काटकोन उठले. भिंतीपाशी गेले. फ्रेमीपासून वीतभर अंतरावर हात थांबला, आणि त्यांनी मान वळवून हॉलभर नजर फिरवली, पंचांकडे, लोकांकडे, शेवटी सुनेकडे.

"नीट करतो," ते मोठ्याने म्हणाले.

"करा," सून म्हणाली.